नदीच्या दोन काठांवरचा घटस्फोट

पोस्ट लांबलचक आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, घाई नाही.

परवा टीव्हीवर समान नागरी कायद्याची चर्चा लागली होती. चार पाहुणे. दोघे बाजूने, दोघे विरोधात, आणि चौघांच्याही तोंडी एकच वाक्य, "गोव्यात बघा ना!" गोव्यात नेमकं काय बघायचं, ते मात्र तासाभरात कुणी सांगितलं नाही. शेवटी मी टीव्ही बंद केला. म्हटलं, आपण निदान लिहून तरी ठेवू.

मी सावंतवाडीत राहते. गेली सव्वीस वर्षं लोकांचे हिशेब लिहिते, आयकराची विवरणपत्रं भरते. सावंतवाडी म्हणजे गोव्याचं दार. माझी निम्मी गिऱ्हाइकं अलीकडची, म्हणजे बांदा, आरोंदा, दोडामार्ग इथली, आणि उरलेली पेडणे, म्हापसा, डिचोलीची. भाषा तीच, माशाची आमटी तीच, देवसुद्धा बरेचसे तेच. सोयरिकी दोन्हीकडे. पण आरोंद्याचा पूल ओलांडला की नवरा-बायकोचं पैशाचं नातं पार बदलतं. हे मला वकिलीच्या पुस्तकात नाही, आयकराच्या फॉर्ममध्ये कळलं.

आधी माझ्या मावशीचं सांगते, म्हणजे हा विषय मला का लागतो ते कळेल.

मावशीचं लग्न १९७८ सालचं, बांद्याजवळच्या एका गावात. काकांचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं, ते जेमतेम चालायचं. काजूची बी विकत घेऊन घरीच फोडायचं डोकं मावशीचं. सुरुवातीला पडवीत बसून चार बायका बी फोडायच्या, चिकाने हात काळे व्हायचे. मग तिने पाटल्या गहाण टाकून बी उकडायचा बॉयलर घेतला. १९९०च्या सुमाराला वीस-बावीस बायका कटरवर बसत होत्या. कुठल्या गावची बी कशी, कुणाचा गर पांढरा राहतो, कुठली पाकळी, कुठला तुकडा, कुठला अख्खा गर कुठल्या प्रतीत घालायचा, हे सगळं मावशी बघायची. काका मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलायचे. पाकिटावर नाव मावशीचं छापलं होतं. म्हणजे ब्रँडलाच तिचं नाव दिलेलं. आम्हाला त्याचं केवढं कौतुक!

आता कागद बघा. जमीन सासऱ्यांच्या नावे. शेड त्याच जमिनीवर. उद्योग केंद्रातली नोंदणी काकांच्या नावे. विजेचं मीटर काकांच्या नावे. बँकेचं कर्ज काकांच्या नावे, आणि त्या कर्जाला जामीनदार मावशी.

२००३ साली काकांनी दुसरं घर मांडलं. दोन वर्षं कोर्टात गेली. शेवटी काय मिळालं? दरमहा पोटगी. सोन्याच्या यादीतलं जे सिद्ध करता आलं तेवढं सोनं. लग्नात आलेलं कपाट आणि भांडी. कारखान्यातलं काहीच नाही. वर तीन वर्षांनी काकांचे हप्ते थकले तेव्हा बँकेची नोटीस आली ती मावशीला, कारण जामिनाची सही घटस्फोटाने पुसली जात नाही.

माझा वकील मित्र त्या वेळी म्हणाला होता, "न्यायाधीश वाईट नव्हते गं. त्यांच्या हातात कायदाच तेवढा होता." ते खरं होतं. तो कायदा तेवढाच का, ते शोधत मी मागे मागे जात राहिले.

आपल्याकडच्या हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेचा पाया मिताक्षरा. विज्ञानेश्वराची टीका, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने व्यवहारमयूख लिहिला. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं, काशीला गेलेलं. इंग्रजांच्या मुंबईच्या कोर्टात हे दोन्ही ग्रंथ प्रमाण मानले गेले आणि त्यामुळे मुंबई इलाख्यात बाईचा वारसाहक्क देशातल्या इतर बऱ्याच भागांपेक्षा थोडा बरा राहिला. स्त्रीधन तिचं. बापाकडून वारशाने मुलीला आलेलं तिच्या पूर्ण मालकीचं. आणि एक गंमत अशी की बाप आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर आईलाही मुलाएवढा हिस्सा मिळतो.

मात्र ती वाटणी मागायचा अधिकार तिला नाही. पुरुषांनी वाटणी केली तर तिचा हिस्सा जागा होतो, नाही केली तर झोपलेला. कुटुंबाचा धंदा हा धनी-मुलांचा, बाई त्यात जेवणारी. पुस्तकात तिला एकत्र कुटुंबाची 'सदस्य' म्हणतात, 'सहदायाद' नाही. दोन शब्दांत केवढं अंतर आहे, ते घटस्फोटाच्या दिवशी कळतं.

घटस्फोट आपल्याकडे नव्हता असं जे सांगतात ते अर्धवट आहे. उच्चवर्णीयांत नव्हता. बाकी असंख्य जातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, पाट लावता येत होता. पण ते जातपंचायतीपुढे व्हायचं आणि चर्चा व्हायची ती दागिन्यांची, लग्नखर्चाची. बाईने त्या घरात घातलेल्या श्रमाचा हिशेब तिथे कुणी मांडत नव्हतं. ज्यांच्याकडे जमीनच नाही तिथे मांडणार तरी काय, हेही आहेच.

इथे रखमाबाईंची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. लहानपणी लग्न लावून दिलेलं. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये उलट निकाल, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. त्या गोष्टीचा हा भाग सगळ्यांना माहीत असतो. शेवट तेवढा सांगितला जात नाही. १८८८ साली तडजोड झाली आणि दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात गाजलेल्या फारकतीत पैसे बाईने दिले, स्वतःला सोडवून घ्यायला. पुढे त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या.

पुढचा प्रवास थोडक्यात. बडोद्याला सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला. दिल्लीत हिंदू कोड बिलावर जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला त्यामागे हे बिल रखडल्याचं मोठं कारण होतं. मग ते बिल तुकड्यातुकड्याने मंजूर झालं. १९५५चा हिंदू विवाह कायदा, १९५६चा वारसा कायदा. वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली, ही फार मोठी गोष्ट. मुलीला सहदायाद करायला मात्र महाराष्ट्रात १९९४ उजाडलं, देशात २००५.

पण लक्षात घ्या, हे सगळं मुलगी म्हणून आणि विधवा म्हणून. लग्न चालू असताना किंवा मोडताना बायको म्हणून काय? तर विवाह कायद्याचं कलम २५, म्हणजे पोटगी. आणि कलम २७. कलम २७ वाचून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. लग्नात किंवा लग्नाच्या सुमाराला जी भेटवस्तू दोघांना मिळून आली, तिची विभागणी कोर्ट करू शकतं. बस. म्हणजे हौसेने आलेला डिनर सेट आणि कुकर. पुढच्या पंचवीस वर्षांत दोघांनी मिळून जे उभं केलं, ते ज्याच्या नावावर त्याचं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन नवऱ्याकडे ठेवलेलं असलं तरी ते बायकोचंच. चांगला निकाल. पण तोही तिने आणलेल्याचा, तिने मिळवलेल्याचा नाही.

आता नदी ओलांडू.

तेरेखोलचा किल्ला बघितलाय? तो नदीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे आमच्या बाजूला, पण आहे गोव्यात. सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. पेडणे महालही सावंतवाडीचाच. कोल्हापूरकरांशी भांडण चाललं होतं, मदत हवी होती, म्हणून खेम सावंतांनी १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगीजांना दिलं. त्या तहात बायकांचा विषय असण्याचं काही कारणच नव्हतं. पण त्या एका व्यवहारामुळे आज पेडण्याच्या बाईला जे मिळतं ते बांद्याच्या बाईला मिळत नाही.

पोर्तुगालमध्ये फार जुनी रूढ होती. लग्न झालं की नवरा-बायकोचं सगळं एकत्र, निम्मं तुझं निम्मं माझं. १६०३ सालच्या त्यांच्या राजाज्ञांच्या संग्रहात तिला 'अर्ध्याची सनद' अशा अर्थाचं नाव आहे. १८६७ मध्ये सियाब्रा नावाच्या कायदेपंडिताने लिहिलेली नागरी संहिता पोर्तुगालमध्ये मंजूर झाली आणि १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक. लग्नाआधीची, नंतरची, कमावलेली, वारशाने आलेली. करार करायचा तर लग्नाआधीच, नंतर बदलता येत नाही. घर-जमीन विकायची तर दोघांची सही. आणि लग्न मोडलं तर निम्मं-निम्मं. घटस्फोट त्या संहितेत मुळात नव्हता बरं. पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, आणि त्यांनी महिन्याभरात, ३ नोव्हेंबरला, घटस्फोटाचं फर्मान काढलं. म्हणजे पेडण्याच्या हिंदू बाईला कायदेशीर घटस्फोट मुंबईच्या बाईच्या सदतीस वर्षं आधी मिळाला.

१९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२च्या कायद्याने जुने कायदे तूर्त चालू ठेवले. ते 'तूर्त' अजून चालू आहे. हिंदू विवाह कायदा गोव्यात कधी आलाच नाही. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि नव्या लग्नांसाठी नियम बदलला, वेगळा करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलं तेवढंच सामाईक. पण तोवर गोवा भारतात आलेला. त्यामुळे जी गोष्ट लिस्बनमध्ये इतिहासजमा झाली ती म्हापशाच्या कोर्टात रोज चालते.

माझ्या टेबलावर हे कसं आलं ते सांगते. मी धंद्यात नवीन होते. पेडण्याचे एक गृहस्थ आले, बांधकाम साहित्याचं दुकान. मी त्यांचं विवरणपत्र आपल्या पद्धतीने केलं, दुकानाचं सगळं उत्पन्न त्यांच्या नावे. ते म्हणाले, "बाई, हे अर्धं बायलेच्या नावार घालूंक जाय." मला वाटलं कर चुकवायचा प्रकार. मी त्यांना थोडं सुनावलंसुद्धा! मग वरिष्ठांना विचारलं. ते हसले आणि कलम ५अ उघडून दिलं.

१९६१चा आयकर कायदा, ज्यावर माझं अख्खं आयुष्य गेलं, त्यात ही दोन कलमं आहेत. कलम ६४ म्हणतं: नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला पगार दिला आणि तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरा. हेतू करचोरी रोखण्याचा, मान्य. पण माझ्या मावशीला हे लावून बघा. बोटाने गर दाबून ओल सांगणारी बाई, तिच्याकडे कसली पदवी? तिला पगार दिला असता तरी सरकार म्हणालं असतं, हे पैसे खरे तिच्या नवऱ्याचे.

आणि त्याच कायद्यातलं कलम ५अ म्हणतं: गोव्याच्या पोर्तुगीज संहितेखाली ज्यांची मालमत्ता सामाईक आहे, त्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं करा आणि दोघांच्या नावे वेगवेगळं लावा. घरभाडं असो, व्याज असो, दुकानाचा नफा असो. बायको दुकानात पाऊल ठेवत नसली तरी. यावर आयकर खातं आणि गोवेकर यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालले, शेवटी १९९४च्या वित्त अधिनियमाने हे कलम घातलं, तेही मागल्या तारखेने, १ एप्रिल १९६३ पासून. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळं परिशिष्ट आहे, जोडीदाराचा पॅन टाकून निम्मं दाखवायचं. दरवर्षी जुलैत मी ते भरते आणि दरवर्षी मला मावशी आठवते.

त्या बांधकाम साहित्यवाल्यांच्याच नात्यातल्या एका जोडप्याचा पुढे घटस्फोट झाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दुकान, गोदाम, दोन टेम्पो, थोडी बागायत, एक फ्लॅट. गोव्यात घटस्फोटाच्या हुकमाने मालमत्ता आपोआप वाटली जात नाही. त्यासाठी वेगळी 'इन्व्हेंटरी' चालते. एकाला कुटुंबप्रमुख नेमतात, जुन्या कागदांत त्याला 'काबेसा द काझाल' म्हणतात. त्याने शपथेवर यादी द्यायची: काय आहे, किती किमतीचं, कर्ज किती. दुसऱ्याला हरकत घेता येते. मग मूल्यांकन. आणि मग जी पायरी येते ती मला फार आवडते, 'लिसितासांव', म्हणजे आपापसातला लिलाव. बाहेरच्या माणसाला त्यात बोली लावता येत नाही. प्रत्येक वस्तूवर दोघेच बोलतात. जो जास्त बोलेल त्याला ती वस्तू, पण निम्म्यापेक्षा जास्त घेतलं तर वरचे पैसे दुसऱ्याला रोख द्यायचे.

कुटुंबाचा धंदा वाटायचा म्हणजे काय, हा खरा अवघड प्रश्न आहे. शेत मधोमध बांध घालून वाटता येतं. दुकान कसं वाटणार? शटर अर्धं उघडायचं? उधारीची वही फाडायची? चालू धंदा तोडला तर दोघांच्याही हातात भंगार येतं. हा लिलाव त्यावर उपाय आहे. धंदा अख्खा राहतो, एकाकडे जातो, दुसऱ्याला किंमत मिळते. आणि खोटी किंमत लावायची सोय राहत नाही, कारण तुम्ही दुकान पाच लाखांचं दाखवलं तर समोरचा सहा लाख बोलून उचलू शकतो.

त्या खटल्यात सगळ्यांना वाटत होतं दुकान नवरा घेणार. बायकोने घेतलं. मला आदल्या आठवड्यात फोन करून शांतपणे विचारलं होतं, "येणी किती, देणी किती, जुना माल किती अडकलाय, तेवढं सांगा." हिशेब मीच लिहीत होते, दोघांचीही मी, म्हणून दोघांनाही तोच कागद दिला. तिने भावाकडून आणि बँकेतून पैसे उभे केले आणि नवऱ्याला फरक दिला. दुकान अजून चालू आहे. नवऱ्याने टेम्पो आणि बागायत घेतली, तोही बरा चाललाय.

आता कुणी लगेच गोव्याचा झेंडा नाचवायला जाऊ नका. मला त्या बाजूच्याही फाइली माहीत आहेत.

सामाईक म्हणजे कर्जही सामाईक. नवऱ्याने संसारासाठी म्हणून केलेल्या कर्जाचा निम्मा भार बायकोवर येऊ शकतो. मूळ संहितेत मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच दिलेला होता, बायकोची सही फक्त विकताना. ती सही कशी घेतली जाते ते मी पाहिलंय, "हांगा सही कर गो," आणि ती करते. माहेरच्या वाटणीत बहिणी भावांसाठी हक्क सोडून देतात, ते दोन्ही काठांवर सारखंच. रोखीचा धंदा यादीत येतच नाही, भावाच्या नावे ट्रक घेतलेला असतो. इन्व्हेंटरी वर्षानुवर्षं चालते. आणि ज्याला 'समान' म्हणतात त्यातच १८८० सालची हिंदूंच्या रूढींची संहिताही बसलेली आहे, जिच्यात पहिल्या बायकोला पंचवीस वर्षांपर्यंत मूल झालं नाही, किंवा तीसपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरी करायची मुभा लिहिलेली आहे. वापरात नाही म्हणतात. पण कागदावरून कुणी खोडलेलीही नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. गोव्याच्या कायद्यात घेण्यासारखं जे आहे ते म्हणजे हे निम्मं. आणि समान नागरी कायद्याच्या घोषणेत नेमकं तेच गळतं. उत्तराखंडने २०२४ मध्ये आपली संहिता केली. लग्नाची नोंदणी आली, वारसा आला, एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची नोंदणीसुद्धा आली. नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता आली नाही. घटस्फोटात कुणाच्या दुकानाचे दोन भाग होणार, यावर मतं मिळत नाहीत, जातात.

केंद्रानेही एकदा प्रयत्न केला होता. २०१०चं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक. घटस्फोटात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद त्यात घातली गेली. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत आलंच नाही, आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर ते संपलं. त्यावर त्या वेळी टीव्हीवर चर्चा झाल्या होत्या, घटस्फोटांची लाट येईल वगैरे. गोव्यात दीडशे वर्षं हे चाललंय, तिथे लोक लग्नं करायचे थांबलेत असं काही दिसत नाही.

२०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कन्नय्यन नायडू खटल्यात म्हटलं की नवरा परदेशात कमावत असताना बायकोने घर सांभाळलं, म्हणून ते पैसे जमले, म्हणून त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचा सारखा वाटा आहे. निकाल वाचून मी खुर्चीतून उठलेच होते. पण तो एका उच्च न्यायालयाचा, एका खटल्यातला. कायदा नाही.

महाराष्ट्रात काहीच झालं नाही असंही नाही. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते शेतकरी संघटनेचं काम. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शरद जोशींनी शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्ती. जोशी पुरुषांच्या सभेत उभे राहून सांगायचे की शेतमालाला दाम मागता ना, मग घरातल्या लक्ष्मीचं कर्ज आधी फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावे करा. आणि शेतकऱ्यांनी केला! हजारोंनी केला. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं गाजलेलं गाव. कुठल्या कोर्टाने सांगितलं नव्हतं. सरकारने मग सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली, पुढे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावे करायची मोहीमही आली. आज राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायकोत बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये.

घर किंवा शेतजमीन, हे शब्द नीट वाचा. कारखान्याची शेड त्यात बसत नाही. दुकानाचा गाळा बसत नाही.

म्हणून माझ्याकडे जोडीने धंदा सुरू करायला येणाऱ्यांना मी एक गोष्ट चिकाटीने विचारते: भागीदारीपत्र करता का? खर्च फार नाही. १९३२च्या भागीदारी कायद्यात बाहेर पडणाऱ्या भागीदाराचा हिशेब होतोच. तो होईपर्यंत दुसऱ्याने तिचं भांडवल वापरून धंदा चालू ठेवला तर तिला नफ्यातला वाटा किंवा वर्षाला सहा टक्के व्याज, जे हवं ते मागता येतं. तिथे ती बायको आहे की कोण, याच्याशी कायद्याला देणंघेणं नसतं. ती भागीदार असते. बरेच जण म्हणतात, "म्याडम, बायकोच आहे ना, कागद कशाला?" त्यांच्याबरोबर आलेली बाई त्या वेळी बहुतेक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असते. मी तिला चहा विचारते आणि मसुदा दोघांच्याही हातात एकेक प्रत देते. दहातले तीन करून घेतात. पूर्वी एक करायचा.

मावशी आता बहात्तर वर्षांची आहे. आमच्याकडेच असते. तिच्या नावाची पाकिटं अजून बाजारात येतात, डिझाइन बदललंय, नाव तेच आहे. मध्यंतरी माझ्या नवऱ्याने न बघता दुकानातून एक आणलं. मला कसंतरी झालं. मावशीने मात्र चष्मा लावून पाकीट उलटसुलट पाहिलं, फोडलं, एक गर दोन बोटांत दाबला, आणि म्हणाली, "ओला ऱ्हवलो हा. घाई केली हा सुकवूक." मग वाटीत काढून सगळ्यांना दिले.